डॉ. रघुवीर

इंग्रजी राज्यात नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होती. प्रांताच्या उत्तर भागातील लोक हिंदी बोलत. नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा, अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ या आठ जिल्ह्यांची भाषा मराठी होती. गावच्या पटवाऱ्याचे दप्तर लोकांच्या भाषेत असे. परंतु तेच प्रकरण तहसिलीतून वर चढत सचिवालयात किंवा उच्च न्यायालयात पोहोचले, की त्याची भाषा पालटे व ते इंग्रजी होई. आपल्याच शेताविषयी काय निर्णय झाला, हे समजून घेण्यासाठी शेतकऱ्याला वकिलाचे घर गाठावे लागे. असा कागद हाती असूनही त्याचा धनी त्याच्यापुढे निरक्षरच ठरे.

स्वातंत्र्याचा काळ जवळ आला, तेव्हा हा कारभार लोकांच्या भाषेत आणण्याचा विचार प्रांताचे मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांच्या सरकारात सुरू झाला. विचार चांगला होता. पण अडचण लहान नव्हती. हजारो इंग्रजी संज्ञांना प्रतिशब्द हवे होते आणि तेही एका नव्हे, तर दोन भाषांत. या कामी पुढे आलेले विद्वान म्हणजे डॉ. रघुवीर.

रघुवीर यांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ रोजी रावळपिंडी येथे झाला. लाहोरला शिक्षण झाल्यावर त्यांनी लंडन येथे व हॉलंडमध्ये उच्च पदव्या संपादन केल्या आणि परत येऊन लाहोरच्या सनातन धर्म महाविद्यालयात ते संस्कृत शिकवू लागले. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध नागपूरला येण्यापूर्वीच जडला होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची संशोधित आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हाती घेतले होते. त्यातील विराटपर्वाचे संपादन रघुवीर यांनी केले व ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. पोथ्यापोथ्यांतील एकेक पाठ ताडून पाहण्याची जी सवय या कामाने त्यांना लागली, ती पुढे कोशरचनेत त्यांच्या उपयोगी पडली असली पाहिजे.

लाहोर येथे त्यांनी 'सरस्वती विहार' ही संस्था स्थापन केली होती. फाळणीच्या थोडे आधी, १९४६ मध्ये, ग्रंथसंग्रहासह ती नागपूरला आली. ज्या नगरात रघुवीर यांची जन्मभाषा कोणी बोलत नव्हते, तेथे बसून ते नगराच्या कचेऱ्यांसाठी शब्द घडवू लागले. १९४८ मध्ये याच प्रांतातर्फे ते संविधान सभेचे सदस्य झाले. १९५० मध्ये हिंदी व मराठी यांना राज्यभाषा म्हणून मान्यता देणारा कायदाही या प्रांतात झाला.

त्यांची पद्धत मोठी मनोरंजक होती. ते सुटा शब्द शोधीत नसत, शब्दांचे कुटुंब उभे करीत. 'विधी' हा एक शब्द घेतला, की त्यापासून विधान, विधेयक, विधानसभा, विधिमंडळ, वैध, अवैध असे शब्द एकामागून एक निघतात, आणि ज्याला पहिला कळला त्याला पुढचे ओळखता येतात. संस्कृतात थोडेसे धातू, उपसर्ग व प्रत्यय एकत्र आले, की असंख्य शब्द तयार होतात. शिवाय असे शब्द हिंदी व मराठी या दोन्ही भाषांत जसेच्या तसे चालू शकत. जबलपूरच्या कारकुनाने लिहिलेली संज्ञा अमरावतीच्या कारकुनालाही कळावी, ही त्या प्रांताची निकड होती.

या कामाला विरोधही पुष्कळ झाला. शासनाचे लेखन लोकांना कळावे म्हणून जर हा खटाटोप, तर लोकांच्या तोंडी नसलेले शब्द कशासाठी, असा टीकाकारांचा प्रश्न होता. पंडित नेहरूंनाही अशी संस्कृतप्रचुर भाषा रुचत नसे. 'लोहपथगामिनी'सारखे हास्यास्पद शब्द रचून थट्टेखोर लोक नव्या परिभाषेची टवाळी करीत. रघुवीर यांचे म्हणणे असे, की खेडुताला इंग्रजी संज्ञाही अपरिचितच असते. फरक एवढाच, की आपल्या भाषेतील नव्या शब्दाचे मूळ त्याला एकदा सांगितले, म्हणजे तो शब्द त्याचा होतो, इंग्रजी शब्द मात्र परकाच राहतो. या युक्तिवादात तथ्य होते. तथापि टीकाकारांचा प्रश्न त्याने पुरता मिटला, असे म्हणता येणार नाही. ऑक्सिजनला 'जारक' आणि कार्बनला 'प्रांगार' हे त्यांनी दिलेले शब्द नियमाला धरून होते. पण शाळांनी ते स्वीकारले नाहीत. अर्ज, हुकूम, जामीन हे फारसी-अरबीतून आलेले शब्द तर मराठी माणसाच्या जिभेवर शिवकालाच्याही आधीपासून रुळलेले. त्यांना हलविणे कोणत्याही कोशाला शक्य नव्हते.

रघुवीर मात्र थट्टेने खचले नाहीत. १९५५ मध्ये शासकीय व शैक्षणिक शब्दांचा त्यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते चीनला गेले आणि तेथून प्राचीन ग्रंथ व हस्तलिखिते घेऊन परतले. पुरातन भारताचे शेजाऱ्यांशी असलेले नाते शोधणे हा त्यांच्या आयुष्याचा दुसरा ध्यास होता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होऊन मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरचे राजधानीपण संपले. सरस्वती विहारही दिल्लीला गेला. पुढे राजकारणात असताना, निवडणुकीच्या प्रचारासाठी मोटारीने जात असता, १४ मे १९६३ रोजी कानपूरजवळ अपघात होऊन त्यांचा अंत झाला.

मराठी कारभाराचे काम पुढे महाराष्ट्र शासनाने हाती घेतले. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. आज नागपूरच्या एखाद्या कार्यालयातील कागद हाती घेतला, तर त्यावर 'अर्जदार' हा फारसी वळणाचा शब्द, 'अधिनियम' हा संस्कृत शब्द आणि 'नोटीस' हा इंग्रजी शब्द एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसलेले आढळतात.