योगिराज चांगदेव आणि कोरा कागद

जळगाव जिल्ह्यात तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम आहे. संगमाच्या काठी चांगदेव नावाचे गाव असून तेथे योगिराज चांगदेवांचे प्राचीन दगडी मंदिर उभे आहे. तेथून जवळच आदिशक्ती मुक्ताबाईंचे स्थान आहे. महाशिवरात्रीची यात्रा भरली म्हणजे भाविक मंडळी दोन्हीकडे माथा टेकतात. एक म्हातारा योगी आणि एक कोवळी पोर! पण यातील गुरू ती पोर आणि शिष्य तो म्हातारा. हे उलटे गणित कसे जमले, तेच आज आम्ही वाचक सज्जनांपुढे मांडणार आहोत.

चांगदेव हे हठयोगात मुरलेले पुरुष. प्राण ब्रह्मांडी चढवून ते समाधी लावून बसत. मृत्यूची वेळ आली की असेच बसायचे, काळ रिकाम्या हाती परत गेला की पुन्हा देहावर यायचे. असे करीत ते १४०० वर्षे जगले, असे परंपरा सांगते. आता ही वर्षे पंचांग घेऊन मोजावीत की तपाच्या थोरवीची खूण म्हणून घ्यावीत, हे ज्याने त्याने आपल्या भावाप्रमाणे ठरवावे. एवढे खरे, की अधिकार मोठा होता, शिष्यांचा मेळा मोठा होता, आणि लोकांत दबदबाही तसाच होता. अशा माणसाला आता आणखी काय शिकायचे राहिले असणार? चांगदेवांनाही तसेच वाटत असले पाहिजे.

इतक्यात आळंदीच्या भावंडांची कीर्ती कानावर आली. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना लोकांनी वाळीत टाकले, त्यांच्या ज्ञानापुढे पंडित मान तुकवू लागले होते. चांगदेवांनी पत्र लिहायचे ठरविले. पण मायना काय घालावा? वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने ती मोठी. तीर्थरूप लिहावे, तर मुले नातवंडांहून धाकटी. लेखणी तिथेच अडली. शेवटी कोरा कागदच शिष्याच्या हाती देऊन धाडला.

आळंदीत कागद उलगडला गेला. एवढी वर्षे तप करूनही हा गृहस्थ कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्याचे सांगतात. बोल लागणारा खरा, पण पाहा, मायन्यापाशी अडले ते काय होते? लहान कोण नि मोठा कोण, हा हिशेब. म्हणजे समाधीत देह विसरला, पण समाधीतून उठल्यावर मानपान विसरला नव्हता. निवृत्तिनाथांनी मात्र त्या कोरेपणात निर्मळपणाही पाहिला. त्यांच्या आज्ञेवरून ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांचे उत्तर लिहिले. तीच आपली चांगदेव पासष्टी. पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे ही तिन्ही एकाच वस्तूची रूपे आहेत, मग चांगदेव आणि ज्ञानदेव यांची भेट व्हायला दोघे आहेतच कुठे, असा तिचा भाव.

पत्र पोचले, पण उमगले नाही. तेव्हा चांगदेव स्वतःच निघाले, आणि तेही साध्या चालीने नव्हे! वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन, मागे शिष्यांची दाटी. इकडे चारी भावंडे भिंतीवर बसलेली. ज्ञानदेवांनी ती भिंतच पुढे चालविली. ती भिंत आळंदीत आजही दाखवितात. आपली सत्ता सजीवावर चालते, यांची तर निर्जीवावरही चालते, हे पाहून चांगदेव वाघावरून उतरले आणि पायांवर आले. लोक कथा सांगताना भिंतीचे नवल करतात. आम्हाला अधिक नवल वाटते ते त्या उतरण्याचे. जन्मभर मिळविलेला मान भरल्या शिष्यांदेखत खाली ठेवणे हे समाधी लावण्याहून अवघड आहे.

पुढे मुक्ताबाईंनी त्यांना उपदेश केला आणि चांगदेवांनी त्यांना गुरू मानले. यावरून कोणी योग टाकाऊ आहे असे समजू नये. ज्ञानदेव स्वतः नाथपंथाचे. आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी त्यांची गुरुपरंपरा. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध, कुंडलिनी यांचे जेवढे बारीक वर्णन आहे, तेवढे अन्यत्र क्वचितच सापडेल. म्हणजे चांगदेवांचा योग खोटा नव्हता, तो अर्ध्या वाटेवर थांबला होता. श्वास आवरला होता, मीपण आवरायचे राहिले होते.

ज्ञानदेवांनी शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये आळंदीस संजीवन समाधी घेतली. पुढच्याच वर्षी मुक्ताबाई तापीतीरी गुप्त झाल्या. चांगदेवांनी शके १२२७ मध्ये गोदाकाठी पुणतांबे येथे समाधी घेतली, असे परंपरा मानते. ज्याने काळाला इतकी वर्षे हुलकावण्या दिल्या, त्याने शेवटी हुलकावणी दिली नाही. चुकवायचे कोणी आणि कोणाला, हा उलगडा झाल्यावर पळापळ कशाला करायची?

२०१५ पासून २१ जून हा जागतिक योगदिन म्हणून पाळतात. पुष्कळदा त्याच सुमारास पालख्या पंढरीच्या वाटेवर असतात. आसने जरूर करावीत, देह नीट राहिला तर वारी नीट होते. पण अमका किती वेळ श्वास रोखतो आणि तमक्याच्या किती वाऱ्या झाल्या, ही मोजदाद सुरू झाली की समजावे, आपण वाघावर बसलो. दिंडीत एकमेकांच्या पाया पडण्याची आपली जी चाल आहे, तीत वय विचारीत नाहीत. म्हाताराही पोराच्या पायांना हात लावतो. चांगदेवांना जे मायन्यापाशी सुचले नाही, ते आपल्याला वाडवडिलांनी रोजचे करून दिले आहे. मात्र उद्या वाकताना ते नुसते कमरेतून होऊ नये. तेवढे साधले तर योगही पुढे सरकेल नि वारीही, असे आम्हास वाटते.

रामकृष्ण हरि.