विल्यम केरी आणि त्यांची बाग

विल्यम केरी यांचा जन्म सन १७६१ मध्ये इंग्लंडातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. घरची गरिबी असल्यामुळे ते जोडे शिवण्याचा धंदा शिकले. तथापि रानातील फुले व किडे न्याहाळण्याचा बाळपणीचा छंद त्यांनी कधी सोडला नाही.

सन १७९३ मध्ये ते बंगाल्यात आले व पुढे सेरामपूर येथे स्थायिक झाले. मराठी भाषेचे व्याकरण (१८०५) व कोश (१८१०) त्यांनी तेथेच छापविला, म्हणून आम्हां मराठी जनांस ते परके नाहीत.

सन १८१२ मध्ये छापखान्यास आग लागून त्यांच्या अनेक वर्षांच्या श्रमांची हस्तलिखिते भस्मसात झाली. त्यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली. १८२३ च्या ऑक्टोबरात पायास इजा होऊन ते अंथरुणास खिळले असता दामोदर नदीस महापूर आला, आणि देशोदेशींची बियाणे मागवून वाढविलेली त्यांची बाग उद्ध्वस्त झाली. बासष्ट वर्षांच्या या गृहस्थांनी बरे होताच नवी रोपे जमवून लागवड आरंभिली.

आज पृथ्वीचे तापमान वाढत आहे. अतिवृष्टी व महापूर आपल्याही दाराशी येत आहेत. अशा वेळी खचून न जाता पुन्हा रोप लावणे हाच धडा आम्ही या चरित्रापासून घ्यावा. वणव्यातही तग धरणाऱ्या, आपल्या सह्याद्रीतील कुंभा वृक्षाचे शास्त्रीय प्रजातीनाम ‘केरिया’ हे त्यांच्याच नावावरून पडले आहे. विद्यार्थ्यांनी तो वृक्ष अवश्य ओळखून ठेवावा.