कलनशास्त्राला शाळेत आणणारे क्लाइन

अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतील गणिताचा मोठा भाग कलनशास्त्राने, म्हणजेच विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या शब्दात कॅल्क्युलसने, व्यापलेला असतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना हा विषय शिकवावा, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यावरून एकेकाळी मोठा वाद झाला होता याचे स्मरण फारसे कुणाला उरलेले नाही. न्यूटन आणि लायब्निट्स यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या शास्त्राचा पाया घातला. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे ते प्रामुख्याने विद्यापीठांचे आणि तंत्रशिक्षण संस्थांचे धन होते. ते शाळेच्या वरच्या वर्गांत यावे काय, आल्यास मुलांकडून कोणती अपेक्षा ठेवावी आणि शिकवणाऱ्याची तयारी किती असावी, या प्रश्नांचा धोरण म्हणून विचार करणाऱ्यांत जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आत-बाहेर असा भेदच नसलेल्या 'क्लाइन बाटली'मुळे हे नाव अनेकांनी ऐकलेले असते. शाळेच्या गणितासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची तीन दशके वेचली, ही बाजू मात्र त्या मानाने अपरिचित आहे.

क्लाइन यांचा जन्म २५ एप्रिल १८४९ रोजी डुसेलडॉर्फ येथे झाला. दिवस २५, महिना ४ आणि वर्ष १८४९ या तिन्ही संख्या अनुक्रमे ५, २ आणि ४३ या मूळसंख्यांचे वर्ग आहेत, हा योगायोग गणितप्रेमींना आजही मौजेचा वाटतो. वडील प्रशियाच्या सरकारी सेवेत होते. मुलाचे शिक्षण त्या काळच्या प्रतिष्ठित गिम्नाझियममध्ये झाले. गिम्नाझियम म्हणजे व्यायामशाळा नव्हे, तर लॅटिन आणि ग्रीक भाषांवर भर देणारी माध्यमिक शाळा. तेथे पाठांतर भरपूर होते, गणित जुन्या वळणाचे होते आणि कलनशास्त्राला थारा नव्हता. विद्यापीठाचा रस्ता मात्र मुख्यतः याच शाळांतून जात असे.

१८६५ मध्ये क्लाइन बॉन विद्यापीठात दाखल झाले. पदार्थवैज्ञानिक व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. पण ज्युलियस प्ल्यूकर यांचे साहाय्यक म्हणून काम करताना ते भूमितीकडे वळले आणि १८६८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळवून मोकळे झाले. १८७० मध्ये नॉर्वेचे सोफस ली यांच्यासोबत ते पॅरिसला गेले. तेवढ्यात फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. क्लाइन मायदेशी परतले, जखमींच्या शुश्रूषेचे काम पत्करले आणि तेथेच विषमज्वराने आजारी पडले.

त्यातून उठल्यावर दोनच वर्षांनी, १८७२ मध्ये, एर्लांगेन विद्यापीठाने अवघ्या तेविसाव्या वर्षी त्यांना प्राध्यापकपद दिले. त्या निमित्ताने त्यांनी छापलेल्या पुस्तिकेत निरनिराळ्या भूमितींना 'गट' या एका बीजगणिती कल्पनेच्या सूत्रात ओवले होते. 'एर्लांगेन कार्यक्रम' म्हणून ती पुस्तिका गणिताच्या इतिहासात अमर झाली. पण त्याच वर्षी विद्यापीठात त्यांनी जे उद्घाटनपर भाषण केले, त्याचा विषय भूमिती नव्हता. तो गणिताचे शिक्षण हा होता. साहित्य-भाषांचे शिक्षण आणि विज्ञानाचे शिक्षण यांच्यात पडत चाललेली दरी त्यांना तेव्हाही अस्वस्थ करत होती. पुढच्या आयुष्याचे बीज त्या भाषणात दडलेले होते.

१८७५ मध्ये क्लाइन म्युनिकच्या तांत्रिक महाविद्यालयात आले. त्याच वर्षी तत्त्वज्ञ हेगेल यांची नात आना हिच्याशी त्यांचा विवाह झाला. भावी अभियंत्यांना शिकवताना गणिताची उपयुक्त बाजू त्यांना जवळून पाहायला मिळाली. वक्र आणि पृष्ठभाग यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून तयार करवून घेण्याचा उपक्रमही तेथे चालला. डोळ्यांना दिसले की बुद्धीला लवकर पटते, ही त्यांची धारणा अखेरपर्यंत टिकली.

१८८० मध्ये ते लाइपझिगला गेले आणि तेथे आयुष्याला वेगळे वळण मिळाले. फलनांच्या एका नव्या सिद्धांतावर फ्रान्समधील हेन्री प्वँकारे हेही काम करत होते. प्वँकारे पाच वर्षांनी लहान, पण विलक्षण वेगवान. पत्रव्यवहार सौजन्याचा असला तरी आतून ती अटीतटीची शर्यत होती. क्लाइन यांनी तोलामोलाचे निष्कर्ष काढले, परंतु त्याची किंमत शरीराने आणि मनाने मोजली. १८८२ च्या शरद ऋतूत त्यांची प्रकृती पार ढासळली. वय होते तेहतीस. नवे गणित निर्माण करण्याची आपली खरी ताकद तेव्हाच सरली, असे ते स्वतः मानत.

एखादा संशोधक अशा आघातानंतर कडवट झाला असता. क्लाइन यांनी उरलेली शक्ती दुसऱ्यांच्या गणितासाठी लावली. १८८६ मध्ये ते गॉटिंगेनला आले आणि त्या विद्यापीठाला गणिताची पंढरी बनवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांच्याकडे जाते. १८९५ मध्ये डेव्हिड हिल्बर्ट यांना त्यांनी तेथे आणले. त्याच वर्षी त्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्रेस चिझम या इंग्रज तरुणीने डॉक्टरेट मिळवली. स्त्रियांना प्रशियाच्या विद्यापीठात सहजी प्रवेशही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. पुढे काशी आणि कलकत्ता येथे गणिताचे अध्यापन करणारे गणेश प्रसादही विसाव्या शतकाच्या आरंभी गॉटिंगेनमध्ये शिकून आले होते.

गॉटिंगेनमध्ये असतानाच, १८९० च्या दशकात, क्लाइन यांनी माध्यमिक शिक्षकांसाठी सुटीतील अभ्यासवर्ग सुरू केले. शिक्षकांशी बोलताना एक विसंगती त्यांच्या ध्यानी आली. विद्यापीठात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला तेथील गणिताचा शाळेतल्या गणिताशी काही संबंध दिसत नाही, म्हणून तो शाळेतले विसरतो. पदवी घेऊन तोच शाळेत शिक्षक झाला की, विद्यापीठातल्या गणिताचा वर्गात उपयोग दिसत नाही, म्हणून तेही विसरतो आणि पूर्वापार पद्धतीनेच शिकवू लागतो. दोन्ही टोकांना तुटलेला हा धागा जोडायचा कसा, हा क्लाइन यांच्यापुढचा प्रश्न होता. कलनशास्त्र हा जोडणारा दुवा होऊ शकतो, असे त्यांना वाटत होते.

१९०० मध्ये बर्लिन येथे शालेय शिक्षणावर परिषद भरली. क्लाइन तिच्यात सहभागी होते. त्याच वर्षी गिम्नाझियमच्या जोडीने आधुनिक विषय शिकवणाऱ्या शाळांनाही विद्यापीठ प्रवेशासाठी समान दर्जा मिळाला. मग क्लाइन यांनी अभ्यासक्रमाच्या गाभ्यालाच हात घातला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. शाळांतून कलनशास्त्र वर्ज्य असले तरी त्याच्या कल्पना मागच्या दाराने आलेल्याच आहेत. पदार्थविज्ञानाच्या तासाला वेग आणि त्वरण समजावताना, गणिताच्या तासाला एखाद्या राशीचे सर्वांत मोठे किंवा सर्वांत लहान मूल्य काढताना शिक्षक वळसे घेत तेच काम करतात. मग सरळ नाव घेऊन, सोप्या वाटेने ते का शिकवू नये?

१९०४ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आणि वैद्य यांच्या संघटनेने एक आयोग नेमला. १९०५ मध्ये मेरान येथे त्याचा अहवाल सादर झाला. आयोगावर क्लाइन यांच्या विचारांचा ठसा स्पष्ट होता. कलनशास्त्राचे एक प्रकरण शेवटच्या वर्षाला जोडून द्यावे, इतकी वरवरची ही योजना नव्हती. एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते, हा फलनाचा विचार खालच्या इयत्तांपासून रुजवावा, आलेख काढण्याची सवय लावावी, अवकाशाची जाण वाढवावी आणि या वाटेने विद्यार्थ्याला कलनशास्त्राच्या उंबरठ्यापर्यंत न्यावे, असे सुचवले होते. मुलांवरील ओझे वाढू नये म्हणून निरुपयोगी झालेली क्लिष्ट प्रकरणे गाळण्याचाही आग्रह होता. मात्र सर्व शाळांत कलनशास्त्र सक्तीचे करण्याइतके एकमत नव्हते. त्यामुळे अहवाल उंबरठ्यापाशी थांबला.

विरोध दोन्हीकडून होता. अभिजात भाषांच्या पुरस्कर्त्यांना उपयुक्ततावादाचे आक्रमण दिसत होते. काही प्राध्यापकांना भीती होती की, विद्यार्थी अर्धेकच्चे ज्ञान आणि पोकळ आत्मविश्वास घेऊन विद्यापीठात येतील. क्लाइन यांचे उत्तर त्यांच्या १९०७-०८ मधील व्याख्यानांत सापडते. उच्च दृष्टिकोनातून प्राथमिक गणित या विषयावरील ही व्याख्याने भावी शिक्षकांसाठी होती आणि लगेच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आरंभ आकृतीने आणि अंतःप्रेरणेने व्हावा. वक्राच्या स्पर्शिकेचा चढ म्हणजे अवकलन आणि वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे समाकलन, हे आधी डोळ्यांना दिसावे. तार्किक काटेकोरपणा बुद्धीच्या वाढीबरोबर यावा, ही त्यांची रीत होती. लॉगॅरिदमचे उदाहरण बोलके आहे. घातांकांच्या नियमांतून तो ओढूनताणून उभा करण्याऐवजी, एक भागिले क्ष या वक्राखालील १ पासूनचे क्षेत्रफळ म्हणून तो मांडावा, असे त्यांनी सुचवले. विद्यार्थ्याकडून समज अपेक्षित होती, तर शिक्षकाकडून त्याहून पुष्कळ अधिक. वर्गात जे सांगायचे नाही, तेही शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे, अशी त्यांची अट होती. म्हणूनच पाय आणि ई या संख्यांच्या अबीजीयत्वाच्या सिद्धताही त्या व्याख्यानांत येतात.

१९०८ मध्ये रोम येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत गणित शिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि क्लाइन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षापासून ते प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहात गॉटिंगेन विद्यापीठाचे प्रतिनिधी होते. फ्रान्सने तर १९०२ च्या सुधारणांतच कलनशास्त्र आपल्या शाळांत नेले होते. एप्रिल १९१४ मध्ये पॅरिसला आयोगाची बैठक भरली, तेव्हा निरनिराळ्या देशांच्या शाळांत कलनशास्त्र आल्याचा परिणाम काय, हाच चर्चेचा विषय होता. चारच महिन्यांनी पहिले महायुद्ध सुरू झाले. बेल्जियममधील अत्याचारांचे आरोप नाकारणाऱ्या ९३ जर्मन विद्वानांच्या जाहीरनाम्यावर क्लाइन यांचीही सही होती. आयुष्यभर सीमांपलीकडे सहकार्य शोधणाऱ्या माणसाच्या चरित्रात ही नोंद खटकते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांचे सदस्यत्व काढून घेतले. युद्धाने आयोगाचे कामही मोडून पडले.

प्रकृतीमुळे क्लाइन १९१३ मध्येच निवृत्त झाले होते. तरी युद्धकाळात घरी जमणाऱ्या मोजक्या श्रोत्यांना ते एकोणिसाव्या शतकातील गणिताचा इतिहास सांगत राहिले. २२ जून १९२५ रोजी गॉटिंगेन येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी प्रशियाच्या नव्या अभ्यासक्रमाने गिम्नाझियमसह सर्व उच्च माध्यमिक शाळांत कलनशास्त्राला स्थान दिले. मेरानचा उंबरठा वीस वर्षांनी ओलांडला गेला.

आंतरराष्ट्रीय आयोगाचे पुढे पुनरुज्जीवन झाले आणि गणित शिक्षणातील आजीवन कार्यासाठी २००३ पासून त्यांच्या नावाचे पदक दिले जाते. पण त्यांचे स्मरण पदकापुरते ठेवण्यासारखे नाही. आपल्याकडे बारावीनंतरच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागतात. त्या घाईत सूत्र आठवणारा विद्यार्थी पुढे जातो. अवकलन म्हणजे नेमके काय, हे विचारायला कुणाला सवड नसते. कलनशास्त्र शाळेत यावे, ही क्लाइन यांची पहिली मागणी जगाने मान्य केली. ते समजून घेण्यापुरता वेळ विद्यार्थ्याला मिळावा आणि तसे शिकवू शकणारा शिक्षक घडवण्यावर विद्यापीठांनी मेहनत घ्यावी, हा तिचाच दुसरा भाग होता. तो अजून मान्य व्हायचा आहे.