उमरठचा सुभेदार आणि जहाजांची नावे

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव डोंगरांच्या कुशीत आहे; तेथून समुद्र दिसत नाही. तरीही या गावच्या सुभेदार तानाजी मालुसरे यांचे नाव भारतीय नौदलाने मुंबईत मानखुर्द येथील आपल्या आस्थापनेला दिले आहे. मराठ्यांचे नाव आरमाराशी जोडण्याचा असाच एक प्रसंग दुसऱ्या महायुद्धात घडला होता. मार्क्समन या नावाने बांधावयास घेतलेल्या एका ब्रिटिश विनाशिकेचे 1942 मध्ये 'महरट्टा', म्हणजे मराठा, असे नामांतर झाले. रशियाकडे रसद नेणाऱ्या तांड्यांना संरक्षण देणे हे तिचे काम होते. 25 फेब्रुवारी 1944 रोजी जर्मन पाणबुडीने ती उत्तर ध्रुवाकडील गोठत्या समुद्रात बुडविली. दोनशेहून अधिक खलाशांपैकी जेमतेम सोळा-सतरा वाचले. युद्धकाळात अशा जहाजांवरून घरी येणाऱ्या पत्रांवर जहाजाचे नाव वा ठिकाण नसे. 'पोस्ट ऑफिस मेरिटाइम मेल' एवढाच शिक्का आणि सेन्सॉरची खूण असे. पत्र कोठून आले हे लपविण्यासाठीच ती व्यवस्था होती.

तानाजींच्या बाबतीत तर घरी पाठविलेले असे पत्रही मागे राहिलेले नाही. त्यांचे चरित्र इतरांच्या लेखणीतूनच शोधावे लागते, आणि तेथे पोवाडा व पुरावा यांची गल्लत फार झाली आहे. घोरपड आणि रायबाचे लग्न या गोष्टी तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने घरोघर पोहोचविल्या. मात्र समकालीन परमानंदाच्या शिवभारतात दिसणारे तानाजी कमी परिचित आहेत. 1661 च्या कोकण मोहिमेत संगमेश्वर येथे शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यांनी रात्री अचानक छापा घातला. सोबतचे सरदार पिलाजी नीळकंठ पळू लागले, तेव्हा तानाजींनी त्यांना धरून दोरीने दगडाला बांधले आणि शत्रू परतेपर्यंत झुंज दिली. कोंढाण्यावरील तानाजी समजून घेण्यास घोरपडीपेक्षा ही दोरी अधिक उपयोगी आहे.

कोंढाण्याच्या मोहिमेमागे हिशेबही होता. 1665 च्या पुरंदरच्या तहाने 23 किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांकडे गेला. शिवाजीमहाराजांकडे 12 किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख उरला. कोंढाणा परक्या हाती असेतो पुण्याच्या परिसरातील शेती आणि वसूल यांना निर्धास्तपणा येणे शक्य नव्हते. 1670 मध्ये तह मोडताच पहिला मोठा घाव तेथे पडला, तो याच कारणाने.

सभासदाच्या बखरीप्रमाणे तानाजी हजार मावळ्यांचे हजारी होते व ही कामगिरी त्यांनी आपणहून पत्करली. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री सुमारे तीनशे माणसे कड्यावरून वर चढली. किल्लेदार उदेभान राठोड आणि तानाजी एकमेकांच्या वारांनी पडले. धनी पडल्यावर फौज उधळण्याचा धोका होता. भाऊ सूर्याजींनी माणसे सावरून गड घेतला. पागेची घरे पेटवून राजगडावर विजयाची खूण पोहोचविण्यात आली. ही बखर घटनेनंतर पाव शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली, हे मात्र वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

गडाला सिंहगड हे नाव तानाजींच्या मृत्यूमुळे मिळाले, हा समजही टिकत नाही. 1663 च्या पत्रातच ते नाव आढळते. यात त्यांच्या पराक्रमाला उणेपणा येतो असे काहींना वाटते. वास्तविक ज्याने एका रात्रीत गड परत मिळवून दिला, त्याला गडाच्या बारशाचे श्रेय उसने देण्याची गरजच नाही.

तानाजींचा देह ज्या वाटेने कोकणात उतरविला गेला, ती केळदजवळची वाट परंपरेने मढे घाट म्हणून ओळखली जाते. 'महरट्टा'वरील बहुतेकांना समुद्रानेच ठेवून घेतले. उमरठच्या सुभेदाराला त्याच्या माणसांनी खांद्यावरून घाट उतरून घरी आणले, आणि तेथे त्याची समाधी आहे.