गुडघ्याची रेषा आखणारा शल्यविशारद

कोयनानगरच्या परिसरातील अनेक वाड्या-वस्त्या डोंगरउतारावर वसलेल्या आहेत. चढ-उतार हा तेथील रोजचाच व्यवहार. उतारवयात गुडघा कुरकुरू लागला, की माणसाचे जग घराच्या उंबऱ्यापर्यंत आक्रसते. ज्यांच्या गुडघ्याची केवळ एकच बाजू झिजली आहे, अशा काही रुग्णांसाठी आज अंशतः गुडघारोपणाचा पर्याय उपलब्ध आहे. या शस्त्रक्रियेची आखणी करताना उभ्या रुग्णाच्या संपूर्ण पायाच्या क्ष-किरण चित्रावर एक सरळ रेषा काढली जाते. खुब्याच्या गोलाच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत जाणाऱ्या या रेषेला योहान फॉन मिकुलिच-राडेत्स्की यांचे नाव आहे.

मिकुलिच यांचा जन्म १६ मे १८५० रोजी चेर्नोवित्स येथे झाला. तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेले हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. मुलाने वैद्यक शिकावे, हे वडिलांना मान्य नव्हते. मिकुलिच यांनी पियानोच्या शिकवण्या करून व्हिएन्नात शिक्षण पूर्ण केले. पुढे ते थोर शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांचे सहायक झाले. संगीतकार ब्राह्म्स यांचे स्नेही असलेल्या या गुरूशी त्यांचे सूर जुळले.

त्या काळी बेकऱ्यांत तासन् तास उभे राहून काम करणाऱ्या किशोरवयीन मुलांचे गुडघे आत वळत. या व्यंगाला जर्मन भाषेत बेकऱ्याचा पाय असेच नाव पडले होते. मिकुलिच यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १८७९ मध्ये तो प्रसिद्ध केला. क्ष-किरणांचा शोध लागण्यास तेव्हा अजून सोळा वर्षे अवकाश होता. हाडांचे नमुने तपासून, कोन मोजून त्यांनी दाखवले, की दोष मुख्यतः सांध्यात नसून सांध्याजवळच्या हाडाच्या वाढीत असतो. निरोगी पायात शरीराचा भार वाहणारी रेषा गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. ती आत किंवा बाहेर किती सरकली, यावरून व्यंग मोजता येते.

पुढे क्राकोव्ह, कोनिग्सबर्ग आणि १८९० पासून ब्रेसलाऊ येथे ते प्राध्यापक होते. अन्ननलिका आतून पाहण्याचे उपकरण, जठराच्या अरुंद झालेल्या मुखावरील शस्त्रक्रिया असे त्यांचे कार्य चौफेर होते. बोलताना उडणाऱ्या तुषारांतून जंतू पसरतात, हे ब्रेसलाऊमधील कार्ल फ्ल्यूगे यांच्या प्रयोगांतून दिसताच त्यांनी १८९७ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर कापडी पट्टी बांधण्यास सुरुवात केली. छातीच्या शस्त्रक्रियेसाठी कमी दाबाची पेटी बनवणारे फर्डिनांड साउरब्रुख हे त्यांचेच सहायक होते.

नियतीचा खेळ मात्र क्रूर होता. जठराच्या शस्त्रक्रियेत ज्यांनी नाव मिळवले, त्यांनाच जठराचा कर्करोग झाला. व्हिएन्नात मित्र आयसेल्सबर्ग यांनी पोट उघडून पाहिले, तेव्हा रोग हाताबाहेर गेला होता. जून १९०५ मध्ये ब्रेसलाऊ येथे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

गुडघा बदलण्याची आजची शस्त्रक्रिया त्यांनी पाहिली नाही. पण तिचा हिशेब त्यांच्या रेषेवाचून मांडता येत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर खुब्याचा गोल मांसाखाली दडलेला असतो. म्हणून नडगीची कड, घोट्याची दोन्ही हाडे अशा हाताला लागणाऱ्या खुणांवरून दिशा ठरवावी लागते. अंशतः रोपणात तर अधिकच संयम हवा. बाक पूर्ण काढून रेषा पलीकडे ढकलली, तर भार निरोगी बाजूवर पडतो आणि तीही झिजू लागते. म्हणून थोडा बाक तसाच राहू देणेच अनेकदा हिताचे ठरते.

मिकुलिच यांच्या हयातीत ही रेषा कागदावरच होती. आज डोंगरातील पायवाट पुन्हा चढू पाहणाऱ्या कोणा वृद्धाचे पाऊल सरळ पडते, त्यात तिचाही वाटा असतो.