गोदीतील शांतिदूत : कार्डिनल मॅनिंग



आपल्या धर्मग्रामातील कुणी कारखान्यात कामगार आहे, कुणी तिथेच अधिकारी. कामाच्या ठिकाणी वाद पेटला की रविवारी एकाच बाकावर बसणारेही एकमेकांशी बोलेनासे होतात. म्हणून आज आपण कार्डिनल हेन्री एडवर्ड मॅनिंग यांचे स्मरण करू या.

त्यांचा जन्म १८०८ साली इंग्लंडमधील एका श्रीमंत व्यापारी घराण्यात झाला. प्रथम ते अँग्लिकन धर्मगुरू होते. १८५१ साली ते कॅथलिक ख्रिस्तसभेत आले, १८६५ साली वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप आणि १८७५ साली कार्डिनल झाले.

ऑगस्ट १८८९ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी संप पुकारला. हे हातावर पोट असलेले लोक. रोज फाटकाशी उभे राहायचे आणि निवड झाली तरच काम मिळायचे, तेही कधी तासा-दोन तासांचे. ताशी पाचऐवजी सहा पेन्स मजुरी आणि बोलावल्यास किमान चार तास काम, ह्या त्यांच्या प्रमुख मागण्या. त्यांत आयरिश कॅथलिक पुष्कळ होते. जहाजे खोळंबली, चुली विझल्या.

८१ वर्षांचे मॅनिंग आधी गोदीच्या संचालकांकडे गेले. तिथे दाद मिळाली नाही, तरी लंडनच्या महापौरांसह इतरांना घेऊन त्यांनी बोलणी चालू ठेवली. अखेर सहा पेन्स मान्य झाले, पण वाढ कोणत्या तारखेपासून, यावर घोडे अडले. मालक जानेवारी म्हणत, कामगार तेवढे थांबायला तयार नव्हते. १० सप्टेंबरला मॅनिंग पॉपलर भागातील कॅथलिक शाळेत संपाच्या पुढाऱ्यांसमोर कित्येक तास बसले. त्यांनी सुचवलेली ४ नोव्हेंबर ही तारीख बहुमताने स्वीकारली गेली. १४ सप्टेंबरला करार झाला आणि १६ तारखेला काम सुरू झाले.

१८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगारांचे हक्क आणि मालकांची कर्तव्ये मांडली. १४ जानेवारी १८९२ रोजी मॅनिंग निवर्तले, तेव्हा अंत्ययात्रेला कामगारांची अफाट गर्दी लोटली.

आम्हांला यात एक गोष्ट मोलाची वाटते. पैशाचा प्रश्न सुटल्यावरही आधी कोणी नमायचे, हा प्रश्न उरतोच. अशा वेळी दोघांचीही मान खाली जाणार नाही अशी वाट दाखवणारा माणूस लागतो. युनियनमध्ये असो वा साहेबाच्या खुर्चीत, तो माणूस होण्याची कृपा प्रभू येशू आपणा सर्वांना देवो.