धुळीआड गेलेला तारा

जॉन हर्शेल याचा जन्म इंग्लंडमधील स्लाउ या गावी ७ मार्च १७९२ रोजी झाला. युरेनस ग्रहाचा शोध लावणारा विल्यम हर्शेल हा त्याचा पिता आणि आठ धूमकेतू शोधणारी कॅरोलाइन ही त्याची आत्या. अशा घरातल्या मुलाला आकाशाची ओढ न लागती तरच नवल! तरीही केंब्रिजला गणितात पहिला आल्यावर तो काही काळ कायद्याकडे वळला होता. वृद्ध पित्याचे अपुरे राहिलेले काम त्याला पुन्हा दुर्बिणीकडे घेऊन आले.

पित्याने उत्तरेचे आकाश धुंडाळले होते. दक्षिणेचे बरेचसे आकाश इंग्लंडमधून दिसतच नाही. म्हणून १८३३ च्या नोव्हेंबरात वीस फुटी दुर्बीण, पत्नी व लहान मुले यांसह तो जहाजाने आफ्रिकेकडे निघाला. केप टाउनजवळ दुर्बीण उभारून त्याने चार वर्षे रात्रीमागून रात्री जागून काढल्या.

१६ डिसेंबर १८३७ च्या रात्री ताऱ्यांच्या तेजाची तुलना करताना तो थबकला. नौका तारकासमूहातील ईटा हा त्याच्या ओळखीचा तारा एकाएकी राजन्याहूनही तेजस्वी झाला होता! काही दिवस त्याचे तेज वाढतच गेले, मग ओसरू लागले. हर्शेलने सारे नोंदून ठेवले. या उद्रेकाचे कारण मात्र त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते.

१८३८ मध्ये तो मायदेशी परतला. १८४३ मध्ये हाच तारा व्याधाच्या खालोखाल तळपला. पण इंग्लंडमधून तो कसा दिसणार? ११ मे १८७१ रोजी हर्शेल निवर्तला, तेव्हा तो तारा नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला होता.

तारा विझला होता काय? नाही. उद्रेकात त्याने अफाट वायू बाहेर फेकला होता. दूर जाता जाता तो वायू निवला आणि थंडीत वाफेचे दव व्हावे तसे त्यातून सूक्ष्म धूलिकण तयार झाले. मुलांनो, वैशाखातल्या वावटळीने सूर्य झाकोळतो, तसा तो तारा स्वतःच्याच धुळीआड गेला. ही धूळ ताऱ्याचा प्रकाश शोषून तापते आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. त्या किरणांत पाहिले, तर हा तारा आजही अतिशय तेजस्वी आहे.

आता ते आवरण विरळ होत असून तारा पुन्हा नुसत्या डोळ्यांना दिसू लागला आहे. आपल्या मानोऱ्याहून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम १० अंश वर येतो. एप्रिलच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास, हवा निर्मळ असेल तर, तेथे तो अंधुकसा दिसेल.